विदुराघरच्या कण्या

मैत्रिणींनो, थंडी पडली आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या शहरातल्या बायकांच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. 2023 साली शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. पाहुण्यांच्या तोंडी अजून औरंगाबादच असतं, आम्ही दोन्ही नावांना ओ देतो. कुणाला वेरूळ बघायचं असतं, कुणाला अजिंठा, कुणाला घृष्णेश्वराचं दर्शन. बघण्याची सोय सरकारने केलेली आहे. खाण्याची मात्र आपल्यालाच करावी लागते.

लग्न होऊन नुकत्याच इथे आलेल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे, "पुढच्या महिन्यात पुण्याहून नणंद आणि नंदावे येणार आहेत. त्यांना इथलं खास असं काय खाऊ घालू? हॉटेलात नेलं तर सगळीकडे पनीरच."

प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर मला स्वतःलाच गेल्या पौषात मिळालं, आणि तेही माझी चूक पदरात पडून. ती आधी सांगते, पदार्थ मग.

माझ्या नणंदेची मुलगी पुण्याला विद्यापीठात पाली शिकते. तिच्या वर्गात व्हिएतनामची एक मुलगी आहे. दोघी लेणी बघायला चार दिवस आमच्याकडे आल्या. पहिल्यांदाच घरी परदेशी पाहुणी! मी आदल्या रात्रीच बेत ठरवला. पनीरची भाजी, जिरा राईस, रुमाली रोटी बाहेरून, आणि गुलाबजाम. नेमकी शाकंभरी पौर्णिमा होती. भाचीने आधीच फोनवर कळवलं होतं, "मामी, ती महिन्यातून दोन दिवस, प्रतिपदेला आणि पौर्णिमेला, मांसमासे खात नाही. त्यांच्याकडे बऱ्याच घरांत तसा नेम असतो." मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, आपल्या एकादशी-चतुर्थीसारखंच की.

आणि आदल्या रात्री झाकपाक करताना मी सासूबाईंना हळूच म्हणाले, "आई, उद्या पाहुणी आहे तोवर कण्या नका करू. परवा करा."

आमच्या सासूबाईंना थंडीत दुपारच्या जेवणाला ज्वारीच्या कण्या लागतात. सोबत आंबट चुक्याचं गरगटं नाहीतर ताक. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या खोलीत टेबलावर जेवायला बसलो तेव्हा मला वाटलं, त्यांची पूजा चालली असेल. हात धुवायला म्हणून ती मुलगी आत गेली ती परत येईना. जाऊन पाहते तर सासूबाई ओट्याच्या कडेला खाली बसलेल्या, पुढ्यातल्या ताटलीवर दुसरी ताटली झाकलेली, आणि ती पोरगी समोर मांडी घालून बसून खुणेने विचारतेय, यात काय आहे?

"काही नाही गं बाई. गरिबाचं खाणं ते. पाहुण्याला कशाला दावायचं?" सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

भाचीने ताटली उघडली. कण्या बघितल्या आणि ती मुलगी एकदम म्हणाली, "कम तम!"

भाचीने उलगडा केला. त्यांच्या भाषेत 'कम' म्हणजे शिजवलेला भात आणि 'तम' म्हणजे तांदळाची कणी. तांदूळ सडताना-भरडताना जी तुकडी उरे ती विकली जात नसे, म्हणून शेतकरी आणि मजूर ती घरी शिजवून खात. आज त्याच कणीच्या भाताची सायगावमध्ये, म्हणजे हो ची मिन्ह शहरात, गल्लोगल्ली दुकानं आहेत. वर भाजलेलं मांस, अंड्याचा पदार्थ, लोणच्यासारख्या भाज्या घालून सकाळीच लोक तो खातात, आणि देशोदेशीचे प्रवासी मुद्दाम शोधत जातात. कुणी त्याला गरिबाचं म्हणून झाकून ठेवत नाही.

मग तिला कच्चे दाणे दाखवले. ज्वारी बघून मात्र ती जरा गप्प झाली. तिची आजी सांगते म्हणे, 1975 साली लढाई संपली, पण पुढची बरीच वर्षं टंचाईची गेली. रेशनवर तांदूळ पुरेसा मिळेना, त्याऐवजी 'बो बो' मिळायचं. ते ज्वारीच्याच जातीचं धान्य. कितीही शिजवलं तरी टणक. आजी अजून त्याचं नाव काढू देत नाही.

भाचीने हे मराठीत सांगितलं आणि सासूबाईंनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, "आमचा मिलो!"

1972 च्या दुष्काळात त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. माहेर अंबड तालुक्यातलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पोरं सुकडीसाठी रांगेत उभी राहायची. रेशनला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो यायचा, तोही ज्वारीचाच भाऊबंद. त्याची भाकरी थापताना तुटायची, म्हणून आई त्याच्या कण्याच करून घालायची. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटायचं, कण्या ही त्यांची आवड आहे, म्हातारपणीचा हट्ट आहे. मी त्यांना 'परवा करा' म्हणाले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांनी आजवर बोलून दाखवलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

त्या दिवशी पनीर तसंच राहिलं. पाहुणीने दोनदा कण्या घेतल्या.

आपल्याकडे म्हणच आहे, विदुराघरच्या कण्या. दुर्योधनाची पंचपक्वान्नं सोडून श्रीकृष्ण विदुराकडे कण्या जेवला, ही गोष्ट मी मुलांना वर्गात सांगत आले आहे. घरी मात्र दुर्योधनाचं ताट मांडून बसले होते!

तर भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की जे आपण रोज खातो आणि पाहुणा आला की झाकतो, ते त्याच्यापुढे ठेवा. आता एकेक पदार्थ बघू.

शहरातलं खाणं

आमच्या जुन्या शहराची ओळख म्हणजे नान-खलिया. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेसाठी हे जेवण रांधलं जाई, अशी कथा इथे सांगतात. खलिया म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा, वर लाल तवंग आलेला. नान जाडसर, मऊ, तंदूरमध्ये भाजलेला आणि हळदीने पिवळसर दिसणारा. एकेका देगेत शेकडो माणसांचं शिजतं, म्हणून ते लग्नकार्यातच खरं लागतं. आमच्या घरी मटण होत नाही. पण माझ्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेच्या घरच्या लग्नात मी ते पंक्तीला वाढताना पाहिलं आहे. तिथेही यजमान पाहुण्याच्या पानाकडे आपल्यासारखंच लक्ष ठेवून असतात. मांसाहारी पाहुण्यांना शहागंजच्या बाजूला जुन्या शहरात न्यावं. त्याच फेरीत गुलमंडीवर गरम इमरती खावी. ती उडदाच्या डाळीची असते, जिलबी समजून घेऊ नये.

पाणचक्कीही दाखवावी. तिथे पाहुणे हौदातले मासे बघतात आणि परत येतात. त्यांना सांगावं, की ही पिठाची गिरणी आहे. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी वरून पाडून त्याच्या जोरावर जातं फिरवलं जाई आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, आल्यागेल्यासाठी पीठ दळलं जाई. ज्यांच्या नावाने ती जागा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आलेले, आणि मुसाफिर म्हणजेच प्रवासी. पाहुण्यासाठी जातं फिरवण्याची या गावाची रीत अशी जुनी आहे.

हुरडा

डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत पाहुणे आले तर दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण ओळखीच्या शेतावर हुरड्याला न्यावं. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. सुरती आणि गूळभेंडी या ज्वारीचा हुरडा गोड लागतो. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. एक सांगते, हुरडा पोटभर खाल्ल्यावर लगेच गार पाणी पिऊ नये आणि रात्रीचं जेवण हलकं ठेवावं. शहरी पाहुण्यांना हे आधीच बजावावं.

सप्टेंबर ते नोव्हेंबरात आले तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या असतात. पिकलेली फळं प्रवासात फुटतात, म्हणून घरी न्यायला डोळे उघडलेली पण कडक अशी बघून घ्यावीत.

शिदोरीचे धपाटे

वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, जेवायला घरी परत येता येतं. अजिंठा शंभरेक किलोमीटर, सगळा दिवस जातो. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. त्या दिवशी धपाट्यांची शिदोरी द्यावी.

ज्वारीचं पीठ 2 वाट्या, कणीक अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी, लसणाच्या 8-10 पाकळ्या, हिरव्या मिरच्या 5-6, जिरे 1 चमचा, ओवा अर्धा चमचा, तीळ 2 चमचे, हळद, मीठ आणि मूठभर कोथिंबीर. लसूण, मिरची, जिरे वाटून सगळं एकत्र मळावे. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये बोटाने भोके पाडून, फडक्यासकट तव्यावर उलटे टाकावे आणि फडके अलगद सोडवावे. कडेने तेल सोडून दोन्हीकडून खरपूस भाजावे. प्रवासाला द्यायचे तर त्यात कांदा घालू नये आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. सोबत शेंगदाण्याची चटणी. दही वेगळ्या डब्यात.

आमच्या पाहुणीने धपाट्यात कांद्याची पात आणि मेथीची कच्ची पानं गुंडाळून खाल्ली. मला गंमत वाटली. भाची म्हणाली, त्यांच्याकडे 'बान्ह शेओ' नावाचं धिरडं असतं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. तव्यावर पीठ पडताना चर्र होतं त्या आवाजावरूनच नाव पडलं. ते हिरव्या पानांत गुंडाळून, चटणीत बुडवून खातात. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग हिला मेथीचा घोळाणा कर की!" बारीक चिरलेली मेथी, कांदा, दाण्याचं कूट, मीठ आणि वरून थोडं तेल. झाला घोळाणा.

येसर आमटी

ही मराठवाड्याच्या लग्नाची आमटी. पंगतीत भाकरी कुस्करून तिच्यावर ती वाढली, की डाळीचा एक दाणा न शिजवता शंभर माणसं जेवून उठतात. तिची सगळी चव येसरात असते, आणि आमच्या घरी येसर होतो सासूबाईंच्या हाताने. त्यांचं माप मुठीचं. यंदा त्यांच्या हाताला कंप सुटला आहे. कढईसमोर फार वेळ उभं राहवत नाही. पाहुणी गेली त्याच आठवड्यात मी त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या मुठीखाली वाटी धरली आणि वहीत लिहून घेतलं. ते प्रमाण असे:

बाजरी 1 वाटी, गहू 1 वाटी, हरभरा डाळ 1 वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ पाव वाटी, धने 1 वाटी, सुक्या लाल मिरच्या 12, जिरे 2 चमचे, मिरे 1 चमचा, लवंगा 8-10, दालचिनीचे 3 तुकडे, तमालपत्रे 4, सुंठीचा एक तुकडा, हळकुंड एक, हिंग. धान्ये आणि डाळी कोरड्याच, एकेक वेगळी, मंद आचेवर खमंग भाजाव्यात. मसाला थेंबभर तेलावर परतावा. सगळे गार झाल्यावर बारीक दळावे. बंद बरणीत महिनोन्महिने टिकते.

आमटीसाठी 4 वाट्या पाण्याला 3 मोठे चमचे येसर पुरे. तो आधी गार पाण्यात कालवावा, नाहीतर गुठळ्या होतात. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण यांची फोडणी करून भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण परतावे, तिखट-मीठ घालावे, मग कालवलेला येसर आणि उरलेले पाणी. दहा मिनिटे उकळू द्यावी. निवताना घट्ट होते, म्हणून पातळच ठेवावी.

आणि कण्या

गिरणीत ज्वारी 'भरडून दे' म्हणून सांगावे. आधी पाण्याचा हबका मारून तासभर ठेवली की कोंडा सुटतो. भरड चाळून पीठ वेगळे काढावे, उरतात त्या कण्या. 1 वाटी कण्या धुऊन अर्धा तास भिजत घालाव्यात. पातेल्यात 4 वाट्या पाणी मीठ घालून उकळावे, कण्या सोडून ढवळत राहावे, मग झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे मऊ शिजवाव्यात. वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. ताक, दूध किंवा चुक्याचं गरगटं, कशाशीही छान लागतात. शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीला आता मानाचा कागद आला म्हणायचा. आपल्या ताटात मान द्यायचं आपल्याच हाती आहे.

घाईच्या सकाळी सुशीला करावा. मुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, पोह्यांसारखी फोडणी द्यायची आणि वर डाळ्याची पूड भुरभुरायची. दहा मिनिटांत नाश्ता तयार.

जाता जाता चार सूचना

वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. पाहुण्यांना तिकिटं काढण्यापूर्वीच कळवावं, म्हणजे दारातून परत यायला नको.

लेण्यांत डबा उघडू नये. बाहेर येऊन झाडाखाली बसावं आणि कागद-पिशव्या परत आणाव्यात.

परदेशी पाहुण्यांना तिखट आधी विचारावं. मिरची कमी करण्यापेक्षा ठेचा वेगळा वाढावा. आमची पाहुणी माझ्यापेक्षा जास्त तिखट खात होती!

आणि आपल्यापैकी कुणी उद्या व्हिएतनामला गेलीच, तर एक शब्द लक्षात ठेवावा, 'चाय'. पाटीवर तो दिसला तर तिथे चहा नाही, शाकाहारी जेवण मिळतं. नुसती भाजी मागवली तरी तिच्यात माशांपासून केलेला खारा रस असू शकतो. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्यावं. त्यांचं प्रसिद्ध 'फो', म्हणजे तांदळाच्या शेवयांचं गरम सार, हेही एरवी मांसाच्या पाण्यातच शिजतं. चायच्या दुकानात मात्र ते भाज्यांच्या पाण्यात मिळतं. आणि तिथल्या पाहुणचाराच्या घरी कुणी ताटली झाकताना दिसलं, तर ती उघडायला लावावी.

परवा भाचीचा फोन आला होता. पुण्यात त्या मुलीने दुकानं पालथी घातली, मनासारख्या कण्या मिळाल्या नाहीत. सासूबाईंनी दोन किलो भरडून आणायला लावल्या, स्वतः चाळल्या आणि पिशवीवर दोरी बांधता बांधता म्हणाल्या, "तिच्या आजीला म्हणावं, ह्या मिलोच्या न्हाईत. आपल्या ज्वारीच्या हायत. खाऊन बघ."

तुमच्याही घरात असं एखादं झाकलेलं ताट असेल. ते कसं करतात, कुणाकडून आलं, मूठ किती आणि वाटी किती, हे वेळीच लिहून घ्या आणि मलाही कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकांत देईन.